बेर्नाल दियाझ: मेक्सिको जिंकणारा शिपाई नगरसभेत कसा आला?

रेवदंडावासी
सर्वांस नमस्कार. चौल-रेवदंड्याच्या पोर्तुगीज अवशेषांविषयी वाचताना त्याच शतकातील स्पेनच्या वसाहतींकडे वळलो आणि बेर्नाल दियाझ देल कास्तियो हे नाव समोर आले. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर मेक्सिकोवर चालून गेलेला हा शिपाई पुढे ग्वातेमालातील सान्तियागो शहराचा ‘रेहिदोर’, म्हणजे नगरसभेचा सभासद, झाला आणि १५८४ मध्ये तिथेच वारला. लढाया गाजवलेल्या माणसाने मांसाचे भाव आणि बाजारातली वजने-मापे पाहणाऱ्या सभेत का बसावे? आणि त्याची ‘एन्कोमिएन्दा’, म्हणजे नेमून दिलेल्या गावांतून कर घेण्याचा हक्क, आपल्या खोतीसारखीच समजावी काय?

दर्यावर्दी
लुटीने तो श्रीमंत झाला, असे गृहीत धरू नये. १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडल्यावर राजाचा पाचवा हिस्सा आणि कोर्तेसचा वाटा वजा जाता सामान्य शिपायांच्या हाती इतके थोडे सोने लागले की, शस्त्रांसाठी काढलेले कर्जही अनेकांना फेडता येईना. खरी मिळकत म्हणजे नेमून दिलेली गावे, आणि ती काढूनही घेतली जात. त्यासाठी दियाझ १५४० च्या सुमारास स्पेनला जाऊन राजाज्ञा घेऊन आला, ग्वातेमालात स्थिरावला आणि तेथील एका जुन्या विजेत्याच्या मुलीशी त्याने लग्न केले. वसाहतीत गावे टिकवायची, तर नगरसभेत आपले माणूस हवे. इथे तर तो स्वतःच जाऊन बसला! सभेच्या इतिवृत्तांवर त्याच्या सह्या आहेत.

तळकोकणी
खोतीशी साम्य आहे, पण वरवरचे. खोत सारा वसूल करून सरकारात भरत असे. एन्कोमिएन्दावाला मात्र मूळ रहिवाशांकडून येणारा कर स्वतःच ठेवत असे आणि त्यांचे रक्षण व ख्रिस्ती शिक्षण ही त्याची जबाबदारी मानली जाई. कायद्याने जमीन त्याची नव्हती. व्यवहारात वेठ आणि जुलूम किती होता, हे सर्वश्रुत आहे. १५३६ च्या नियमाप्रमाणे हा हक्क दोन पिढ्यांपुरता होता आणि १५४२ च्या नव्या कायद्यांनी तोही आवळायचे ठरवले, तेव्हा वसाहतींत एकच गदारोळ उठला. आपल्याकडे जवळचे उदाहरण हवे असेल तर वसई प्रांत पाहावा: १५३४ नंतर पोर्तुगीजांनी तिथली गावे ठरावीक वार्षिक रकमेवर, बहुधा तीन पिढ्यांसाठी, आपल्या माणसांना दिली.

रेवदंडावासी
आपणा दोघांचे आभार. मग त्याने लिहिलेल्या वृत्तांतावर किती विसंबावे?

दर्यावर्दी
लढायांच्या तपशिलासाठी बराच. स्वतःच्या दारिद्र्याच्या वर्णनासाठी बेताने. १५५० मध्ये स्पेनमधील वायादोलिदच्या बैठकीत एन्कोमिएन्दा कायमच्या कराव्यात, यासाठी तो विजेत्यांच्या बाजूने हजर होता. १५५२ मध्ये गोमारा या पाद्र्याचा कोर्तेसची थोरवी गाणारा इतिहास निघाला आणि श्रेयाचा हा वाटाही हातचा जातो, असे दियाझला वाटले. त्याने १५७५ मध्ये आपले हस्तलिखित स्पेनला धाडले. छापील ग्रंथ माद्रिदला १६३२ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर जवळजवळ अर्ध्या शतकाने, निघाला. ‘आम्ही शिपायांनी’ हे त्याचे पालुपद मला तरी दरबारात गुदरलेल्या कैफियतीसारखे वाटते. त्याच्या गावांतून कर आणि वेठ देणाऱ्यांची बाजू या कैफियतीत जवळजवळ येतच नाही. ती तत्कालीन खटल्यांच्या आणि कर-आकारणीच्या कागदांत शोधावी लागते.