अंड्यांसाठी महाराष्ट्राने किती दिवस शेजाऱ्यांवर अवलंबून राहायचं?

माळरान
1950-51 साली देशात वर्षाला 183 कोटी अंडी निघायची, 2023-24 मध्ये 14,277 कोटी. माणशी 5 वरून 103. या वाढीत आंध्र, तमिळनाडू, तेलंगणा, पश्चिम बंगाल आणि कर्नाटक पुढे गेले. पहिल्या पाचांत आपण नाही. पशुसंवर्धन खात्यानेच जानेवारी 2023 मध्ये सांगितलं होतं की राज्यात रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी खपतात आणि तयार होतात एक ते सव्वा कोटी. बाकीची कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येतात.

मला हे फार लागतं, कारण कोंबडीची पिल्लं तयार करणारी व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी 1971 मध्ये पुण्यात उभी राहिली आणि 1982 पासून काम करणाऱ्या एनईसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं, मुख्यालयही पुण्यातच आहे. लेअरचं, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या कोंबडीचं, शास्त्र इथून देशभर गेलं, धंदा मात्र इथे रुजला नाही. शासनाने दहा वर्षांत तूट शून्यावर आणायचं ध्येय जाहीर करावं आणि लेअर शेडला कर्ज, वीज शेतीच्या दराने द्यावी.

शेकडादर
माझ्याकडे लेअर पक्षी आहेत, तरीही साफ असहमत. पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं दिसायला 18-20 आठवडे जातात. तोवर नुसतं खाद्य घालायचं, आणि एकूण खर्चात खाद्यच 65-70 टक्के. ब्रॉयलर, म्हणजे मांसाची कोंबडी, साधारण चाळीस दिवसांत विक्रीला निघते. कंपनीशी करार केला तर पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं. आपली पोरं तिकडे वळली ती हिशेब करूनच.

आंध्रातल्या गोदावरीच्या पट्ट्यात कोंबडीच्या खाद्याला तांदळाची कणी आणि कोंडा हाताशी आहे. तमिळनाडूत नमक्कलला शेड, खाद्याचे कारखाने, डॉक्टर, व्यापारी आणि गाड्या एकमेकांना लागून आहेत. ते एका पिढीत उभं राहिलेलं नाही. त्यात आता खाद्यातला मका इथेनॉलकडे चाललाय. 2024 मध्ये देशाला मका आयात करावा लागला. अशा वेळी अनुदानावर शेड वाढवल्या तर श्रावणात खप घटला की शेकड्याचा (शंभर अंड्यांचा) दर कोसळेल आणि पहिल्यांदा लहान माणूस बुडेल. अंडं ट्रकमधून व्यवस्थित येतं, येऊ द्या.

माळरान
सोयाबीन तर आपलं आहे ना? लातूरकडची पेंड बाहेर जाते आणि तिच्यावर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी आपण विकत घेतो. 2021 च्या जानेवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा काही राज्यांनी बाहेरचे पक्षी आणि माल अडवला होता. रोजची निम्मी गरज दुसऱ्यावर सोडणं मला परवडणारं वाटत नाही.

तापीकाठ
बर्ड फ्लूचा विषय निघालाच आहे तर नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर विसरू नका. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये तिथेच सापडला आणि 2021 मध्ये तो पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो पक्षी मारावे लागले. लेअरचं गाव म्हणून जे उभं राहिलं होतं ते दाटीमुळेच उघडं पडलं. राज्यात शेड वाढवा, पण दोन शेडमधलं अंतर आधी ठरवा. नुकसानभरपाई वेळेवर मिळणार नसेल तर शेतकरी मर लपवतो आणि रोग पसरतो.

खुराडं
सगळे पिंजऱ्यातल्या लेअरवरच का बोलताय? परसात गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातीच्या पाच-दहा कोंबड्या ठेवणारी बाई घरच्या मुलांना अंडी देते, उरलेली विकते आणि तो पैसा तिच्याच हातात राहतो. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस गावात वेळेवर पोचली तरी खूप फरक पडेल.

शेकडादर
ताई, परसातल्या कोंबडीबद्दल आदर आहे, पण गणित बघा. सुधारित कोंबडी वर्षाला शंभर अंडी देते असं धरलं तर रोजची एक कोटीची तूट भरायला साडेतीन कोटींहून जास्त कोंबड्या लागतील. शेडमधली तीनशे देते, तिथे सव्वा कोटीत भागतं. गावाच्या पोषणासाठी परसातली कोंबडी हवीच. पण मुंबईची गरज तिच्यावर भागणार नाही.

खडूफळा
मी शाळेत शिकवते. तुम्ही ज्याला खप म्हणताय तोच मुळात तोकडा आहे. सव्वादोन कोटी रोजची म्हणजे माणशी वर्षाला 65 च्या आसपास. पोषणतज्ज्ञांची शिफारस 180 ची आहे, त्या हिशेबाने राज्याला रोज सहा कोटी लागतील! नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून भागवा म्हणाले. ज्या गावात मुलांना घरी अंडं मिळत नाही तिथे वर्गणी कोण देणार? कर्जाआधी हे अंडं परत आणा. जिल्ह्यातल्याच शेतकऱ्याकडून घ्या, म्हणजे त्यालाही वर्षभराचं गिऱ्हाईक मिळेल.

माळरान
पटलं, खरेदीची हमी आधी हवी. तूट शून्यावर आणायचा आग्रह मात्र मी सोडत नाही.

शेकडादर
वर्षभराची ठरलेली खरेदी असेल तर मीही एक शेड वाढवेन. फक्त सरकारी बिलं सहा-सहा महिने अडकणार असतील तर नको, कारण खाद्यवाल्याचे पैसे मला लगेच चुकते करावे लागतात.