मदत हवी आहे: करंट दिलेली झेब्राफिशची अंडी पांढरी पडतात, दोष करंटचा की माझा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी प्राणीशास्त्र करतोय. आमच्याकडं नदीत रात्री बॅटरीनं 'करंट मारून' मासे धरतात. मेलेले मासे दिसतात, पण त्याच पाण्यातल्या अंड्यांचं काय होतं, यावर झेब्राफिश या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाची अंडी घेऊन प्रोजेक्ट घेतलाय.

काचेच्या डबीत 4 सेंमी अंतरावर तांब्याच्या दोन पट्ट्या, 12 व्होल्टची बॅटरी, म्हणजे सेंमीला 3 व्होल्ट. 5 मिलिसेकंदांचे झटके, सेकंदाला 50, असे 10 सेकंद. 28.5 अंशांना वाढवलेली, फलनानंतर 24 तासांची अंडी बहुतेक वाचली. 2 तासांची मात्र संध्याकाळपर्यंत पांढरीफटक. परवा बोअरचं पाणी वापरलं तर 24 तासांचीही गेली! धन पट्टीजवळची आधी. सर म्हणतात, परत कर. पण काय बदलून करू?

प्रतिसाद १
दादा, आधी तांबं काढा. धन पट्टीचं तांबं पाण्यात विरघळतं आणि माशांच्या भ्रूणांना तांबं म्हणजे विषच. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून तेवढ्याच व्होल्टला करंट जास्त वाहतो आणि तांबंही जास्त सुटतं. क्लोराइड असेल तर क्लोरीन तयार होतो, तो वेगळाच. साध्या सेलमधली काळी कार्बनची कांडी घासून, धुऊन वापरा. पाणी एकच ठेवा, त्याची वाहकता मोजून लिहा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. शिवाय दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या तुकड्या हव्यात. एकात पट्ट्या तेवढाच वेळ बुडवायच्या, करंट नाही. दुसऱ्यात नुसत्या पाण्याला करंट द्यायचा, बंद करायचा आणि मग अंडी सोडायची. यातली मेली तर दोष पाण्याचा, झटक्याचा नाही. हा दुसरा कंट्रोल लोक हमखास विसरतात (मीही विसरलो होतो, चार महिने गेले).
2 तासांच्या अंड्यांत 64 पेशी दिसतात का, ते आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फलित न झालेली अंडी झटक्याशिवायही पांढरी पडतात. बाकी वयाचा फरक खरा असू शकतो. ट्राउटच्या अंड्यांवरही हेच दिसलंय, डोळे दिसायच्या आधीचा काळ सगळ्यात नाजूक. 5 ते 10 तासांचीही एक तुकडी घ्या, त्या वेळी पेशींची मोठी हलवाहलव चालू असते. आणि जगली-मेली एवढंच मोजू नका. वाकडी शेपटी, हृदयाचे ठोके, 72 तासांपर्यंत किती अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, हेही लिहा.

धागाकर्ता
आभारी आहे. पट्टी आत्ता बघितली, कडेला हिरवट झालीय. पाण्याला करंट देऊन अंडी सोडायची म्हटलं तर मध्ये किती वेळ थांबू? लगेच सोडू का?

प्रतिसाद २
लगेच सोडा. थांबलात तर क्लोरीन उडून जाईल आणि पाण्याचा दोष दिसणारच नाही.