सामाजिक प्रकल्प आणि संशोधनासाठी परदेशी अनुदान-स्पर्धा : छोट्या संस्थेने कुठे अर्ज करावा?

सांजदिवा :
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. दिवाळी झाली की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात, मुलंही आई-बापाबरोबर साखर कारखान्यावर जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. ही मुलं मागे आजी-आजोबांकडे राहावीत म्हणून आम्ही संध्याकाळचं जेवण, अभ्यासिका आणि दुखलं-खुपलं बघतो. सरकारी हंगामी वसतिगृहं आहेत, पण आमच्या सगळ्या गावांत नाहीत. आजवर लोकवर्गणीवर भागलं.

गरीब आणि विकसनशील देशांतल्या कामांसाठी जागतिक स्पर्धा असतात असं कळलं. खऱ्या कुठल्या, आवाक्यातल्या कुठल्या? शिवाय प्रस्ताव लिहून देणारे एक गृहस्थ मंजूर रकमेच्या दहा टक्के मागतायत. द्यावेत का?

हिशेबी :
दहा टक्के अजिबात देऊ नका. अनुदानाच्या हिशेबात हे कमिशन कुठल्याच रकान्यात बसत नाही, मग लोक खोट्या पावत्या करतात. भाषांतराचे ठरावीक पैसे द्या आणि मोकळे व्हा. अर्जासाठी 'प्रोसेसिंग फी' मागणारी स्पर्धा दिसली तर तिथूनच परत फिरा.

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, आहे का तुमच्याकडे?

सांजदिवा :
नाही. प्राप्तिकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या आहेत, सरकारच्या 'दर्पण' या संस्था-नोंदणी संकेतस्थळावर नोंद आहे. संस्था २०२१ची.

हिशेबी :
मग ताई, स्पर्धा शोधण्याआधी हे वाचा. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. वयात तुम्ही बसता, खर्चाचं ताळेबंदात बघा. तेवढा भरत नसेल तर 'पूर्वपरवानगी' हा दुसरा रस्ता आहे : ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि देणगीदाराचं तसं पत्र. म्हणजे आधी स्पर्धा जिंका, मग परवानगी मागा. वेळ लागतो, हे देणगीदाराला सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

२०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येतो. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून होतं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि मोठ्या संस्थेने पैसा घेऊन खाली छोट्यांना वाटायचा, हा पूर्वीचा मार्ग पूर्ण बंद. कुणी 'आमच्या खात्यात घेऊ, तुम्हाला पाठवू' म्हणालं तर दोघंही अडकाल.

माळरान :
हिशेबींनी पैशाचं सांगितलं, मी स्पर्धांचं सांगतो. मी संशोधनाच्या बाजूचा.

पहिलं नाव ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क. मुख्यालय दिल्लीत, आणि जपान सरकारच्या पैशातून २००० साली सुरू झालेली त्यांची पुरस्कार-स्पर्धा विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी आणि संस्थांसाठीच आहे. संशोधनाचा विभाग वेगळा, प्रकल्पांचा वेगळा. प्रकल्प कागदावरचा चालत नाही, चालू असलेलाच लागतो; ही तुमची जमेची बाजू. विषय मात्र ठरवून दिलेला असतो. त्यात बसत नसाल तर ओढूनताणून बसवू नका, परीक्षकांना ते पहिल्या पानावरच कळतं.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी फ्रान्सचा फंड फॉर इनोव्हेशन इन डेव्हलपमेंट. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो त्याच्या प्रमुख. हो, त्याच, २०१९ चं नोबेल मिळालेल्या. मुंबई-वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेच्या बालसखींचा, म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंचा, अभ्यास करणाऱ्यांपैकी एक. इथे अर्ज वर्षभर घेतात, शेवटच्या तारखेची धावपळ नाही. टप्पे आहेत : पहिला दोन लाख युरोपर्यंत, पुढचा पंधरा लाख, मग चाळीस लाख. त्याआधी तयारीसाठी पन्नास हजारांपर्यंतचं वेगळं अनुदान. पाटी-पेन्सिलवाल्या संस्थेने थेट दोन लाख मागू नयेत, तयारीचेच मागावेत.

जुन्या याद्यांमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत-संस्थेच्या डीआयव्ही या अनुदान-योजनेचं नाव अजून फिरतं. २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली, त्यामुळे तो जुना पत्ता खोडा. रुफर्ड फाउंडेशनचं नावही कुणीतरी सुचवेल. ते निसर्ग-संवर्धनासाठी, तुमच्या कामाचं नाही.

आता खरी गोम. हे सगळे एकच विचारतात : तुम्ही नसता तर काय झालं असतं? 'आमच्याकडची अमुक मुलं थांबली' हे उत्तर नाही. ज्यांची आजी धडधाकट, ज्यांच्या घरात चार दाणे, ती मुलं एरवीही थांबलीच असती. थांबलेल्यांची गेलेल्यांशी तुलना केली की तुमचं काम आहे त्याहून मोठं दिसतं, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. तुलना गावाची गावाशी करा. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने तेच केलं : ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी, ४७ गावं तुलनेला. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने दखल घेतली. इंग्रजी तुमचं मोडकं असू दे, तुलनेला गावं हवीत.

गोदाकाठ :
मला नाही पटत. परदेशी अनुदानामागे लागलेल्या संस्थेचे दोन चांगले कार्यकर्ते वर्षभर अहवालच लिहित बसतात, मुलांकडे कोण बघणार? त्यापेक्षा कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घेण्यासाठीचा सीएसआर-१ हा नोंदणी-अर्ज भरा आणि संभाजीनगरच्या कारखानदारांकडे जा. १२ए, ८०जी असेल तर ते काम सनदी लेखापालाकडून लवकर होतं.

माळरान :
सीएसआर-१ भराच, त्यात वाद नाही. पण कंपनी वर्षाच्या हिशेबाने पैसे देते आणि फोटो मागते. ही पद्धत चालते की नाही हे तपासायला ती सहसा पैसे देत नाही, आणि ते सिद्ध झालं तरच शिक्षण विभाग उद्या तालुकाभर करेल.

सांजदिवा :
खूप आभार सगळ्यांचे. ताळेबंद पाहिला, १५ लाख भरत नाहीत, म्हणजे पूर्वपरवानगीच. माळरानदादा, एक शंका. पुढच्या हंगामाला आठ गावं मागतायत आणि पैसे चार गावांपुरते आहेत. सरपंच मंडळी आत्ताच रुसून बसलीत. मग तुलनेची गावं कशी ठरवू?

माळरान :
ही तर आयती संधी आहे ताई! आठही गावच्या लोकांसमोर चिठ्ठ्या टाका. नाव न निघालेल्या चार गावांना त्याच बैठकीत लेखी सांगा की पुढच्या हंगामात पहिला मान त्यांचा. रुसवाही जाईल आणि तुलनाही स्वच्छ होईल. आठही शाळांची हजेरी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत महिन्याला उतरवून घ्या, त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी वाचन-गणिताची छोटी चाचणीही सगळीकडे एकच हवी. अर्जाबरोबर मुलांची नावं, आधार काही पाठवू नका, नुसते क्रमांक. आणि एका मुलामागे महिन्याला किती खर्च येतो, तो आकडा डाळ-तांदळापासून मानधनापर्यंत धरून काढा. हा प्रश्न येणारच.

हिशेबी :
मानधनात अभ्यासिकेच्या ताई आणि कार्यालयातला माणूस वेगळे दाखवा. वीस टक्क्यांची मर्यादा मोजताना तेच बघतात.