गप्पी मासा: गप्प बसणारा की गप्पा मारणारा?

शुक्रवारपेठकर
आमच्या परड्यात जुना दगडी हौद आहे. गेल्या आठवड्यात महापालिकेची माणसं आली, बॅटरी मारून अळ्या बघितल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले दहा-बारा गप्पी मासे सोडून गेली. तेव्हापासून घरात वाद पेटलाय. मामंजी म्हणतात, आवाज ना काही, गप्प असतो म्हणून गप्पी. धाकटी म्हणते, सारखं तोंड हलवतोय बघ, गप्पाच मारतोय. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून निकाल माझ्यावर. पण गप्पा मारणाऱ्याला आपण गप्पिष्ट म्हणतो आणि गप्प राहणाऱ्याला घुम्या. मग हे गप्पी आलं कुठनं?

कळंबावाला
हिंदीतनं आलं असणार ताई. तिकडं थापाड्याला गप्पी म्हणतात. त्या हिशेबानं रंकाळ्यावर भेळ खात बसणारे आम्ही सगळे गप्पीच की!

काचपेटी
ताई, मामंजी पण हरले आणि धाकटी पण. गप्पी हे माणसाचं आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी. जन्म लंडनचा, 1836 चा, पण आयुष्य गेलं वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला. तिथं शाळा तपासायचं सरकारी काम करायचे (तुमच्याच खात्यातले म्हणा) आणि खडक, शंखशिंपले गोळा करायचे. त्यांनी तिथले हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले. तिथल्या अल्बर्ट गुंथरना वाटलं मासा नवा आहे, म्हणून 1866 साली त्यांनी नाव ठेवलं गिरार्डिनस गप्पीआय.

गंमत पुढं आहे. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातल्या माशांवरून 1859 मध्येच याचं बारसं उरकलं होतं: पोसिलिया रेटिक्युलाटा. पोसिलिया म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. शास्त्रात पहिल्या बारशाचं नाव चालतं, त्यामुळं कागदावरून गप्पीसाहेब गेले. लोकांच्या तोंडून मात्र हलले नाहीत.

आणि हे आडनावही आपल्या कागलकर-गारगोटीकरांसारखंच. इंग्लंडात डॉर्सेटमध्ये गप्पी नावाची जागा आहे, अर्थ 'गुप्पाचं कुंपण'. म्हणजे तुमच्या हौदात कुणा गुप्पाचं आवार पोहतंय! मूळ उच्चारही गप्पीच, म्हणून मराठीत शब्द असा फिट्ट बसला की कुणाला परका वाटला नाही.

कळंबावाला
मग ते गंबुशिया?

काचपेटी
तो भाऊबंद. डासांच्या अळ्या तोही खातो, पण घाणेरड्या पाण्यात गप्पी जास्त तग धरतो. गंबुशिया नाव क्यूबाचं. तिथल्या बोलीत गंबुसिनो म्हणजे फालतू, किरकोळ. गळ टाकून काहीच लागलं नाही की म्हणायचे, गंबुसिनो धरत होतो. थापाड्याचा मान द्यायचाच तर त्याला द्या.

ताई, एक सांगतो, हौदावर जाळी टाका. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. महिन्याभरात दहाचे शंभर झाले तर खंड्या रोज जेवायला येईल.

शुक्रवारपेठकर
जाळी टाकली. धाकटीनं वहीत 'लेचमियर' तीनदा चुकवून लिहिलं. मामंजींना सगळं सविस्तर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे साहेबाचं नाव. पण मासा गप्प असतो का नाही?"