मदत हवी आहे: एकच केबल रिलीज, चार फिल्म कॅमेरे

तळ्याकाठी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी,
मामांनी त्यांचे फिल्म कॅमेरे माझ्याकडे सोपवले आहेत. निकॉन एफ२, पेंटॅक्स के१०००, यशिका मॅट १२४जी आणि त्या मानाने अलीकडचा कॅनन ईओएस ३००. सोबत कापडी वेष्टणाची एक जुनी केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटरचं बटण दाबायची लवचीक तार) आहे, दट्ट्याजवळ तो दाबलेला धरून ठेवणारा लॉकचा स्क्रू असलेली.

रात्री उशिरा गर्दी ओसरली की मासुंदा तलावावर रंगायतनच्या बाजूचे दिवे पाण्यात लांबवर उतरतात आणि मधल्या बेटावरचं देऊळ काळंभोर दिसतं. मला ते एचपी५ या कृष्णधवल फिल्मवर घ्यायचंय. मीटर जागेनुसार पाच ते वीस सेकंद दाखवतो, म्हणजे काम 'बी' वरच (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती सेटिंग). बोटाने बटण धरून ठेवणं शक्य नाही, कितीही भक्कम ट्रायपॉड असला तरी.

पेंटॅक्स आणि यशिकाच्या बटणातच आटे आहेत, केबल नीट बसते. यशिकावर ती कधी अडत नाही. पेंटॅक्सवर मात्र दट्ट्या पूर्ण दाबूनही काही वेळा शटर पडत नाही, बोटाने दाबलं की लगेच पडतं. एफ२ च्या बटणात भोकच नाही. ईओएसला बाजूला बारीक गोल जॅक आहे, तिथे ही केबल लागणार नाही हे उघड आहे.

एफ२ साठी दुकानात नेमकं काय मागायचं? पेंटॅक्सचा दोष कॅमेऱ्यात की केबलमध्ये? आणि या कामासाठी चारांतला कोणता कॅमेरा आधी बाहेर काढावा? मामांचे कॅमेरे कपाटात ठेवायचे नाहीत, वापरायचे आहेत, म्हणून एवढं विचारते आहे.

शटरपेटी (कळवा)

ताई, एफ२ चं आधी सांगतो, कारण तिथेच चुकीची वस्तू गळ्यात पडते. दुकानात नुसतं 'निकॉनची केबल' म्हणालात तर एआर-३ हातात येईल. ही केबल निकॉनच्या एफएम, एफई, एफ३, अगदी एफ८० लाही चालते, कारण त्या सगळ्यांच्या बटणात निमुळते आटे असतात, तुमच्या पेंटॅक्ससारखेच. एफ आणि एफ२ ची रचना जुन्या लायका कॅमेऱ्यांसारखी आहे. आटे बटणाभोवतीच्या कड्याला बाहेरून असतात आणि केबलचं टोक टोपीसारखं वरून बसतं. तुम्हाला हवी एआर-२, किंवा लायका पद्धतीचा छोटा निपल अडॅप्टर. निपल मिळाला तर मामांचीच केबल त्यात लागेल, मी तरी तोच आधी शोधेन. फोर्टात बोराबाजारला जाणार असाल तर कॅमेरा सोबत न्या, तिथेच लावून बघा.

तोवर अडून राहू नका. एफ२ मध्ये केबलशिवायही लांब एक्स्पोजर होतं. डायल 'बी' वर ठेवा, बटणाभोवतीचं कडं 'टी' कडे फिरवा आणि बटण दाबा. कडं परत मध्ये आणेपर्यंत शटर उघडं राहतं. ते फिरवताना कॅमेरा हलतो, म्हणून आधी भिंगापुढे काळा पुठ्ठा धरा आणि मगच कडं फिरवा.

ईओएस ३०० ला आरएस-६०ई३ हा वायरचा रिमोट लागतो, २.५ मिमी जॅकचा. पण त्या कॅमेऱ्यात 'बी' वर शटर उघडं असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते आणि त्याला सीआर२ चे दोन सेल लागतात. एफ२ आणि पेंटॅक्सचं शटर सेलशिवाय चालतं. रात्रीच्या कामाला मी ईओएस घरी ठेवेन.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

पेंटॅक्सबद्दल. बोटाने लगेच पडतं म्हणजे संशय केबलवर. ती काढून हातात सरळ धरा, दट्ट्या दाबा आणि पिन किती बाहेर येते ते बघा. मग केबल घट्ट वाकवून पुन्हा दाबा. पिन कमी बाहेर येईल. आतली तार वळणात ढील खाते आणि तेवढा दाब वाया जातो. तुमच्या वर्णनावरून यशिकाचं बटण कमी दाबाला पडतंय, पेंटॅक्सला थोडी जास्त पिन लागतेय. टोक शेवटच्या आट्यापर्यंत बसलंय ना तेही पाहा, पण ताकद लावून आवळू नका. तरी अडलं तर नवी, जास्त पिन बाहेर येणारी केबल घ्या. जुन्या केबलमध्ये तेल सोडू नका, ते पिनवाटे बटणात उतरतं.

लावल्यावर केबल ताणलेली नको, सैल कमानीत लोंबू द्या. ताणलेल्या केबलने हाताचा कंप थेट कॅमेऱ्यात जातो, मग ती लावून उपयोग काय?

आधी कोणता, याला माझं उत्तर यशिका. बाकीच्या तिघांत फोटो घेताना आतला आरसा वर उडतो आणि धक्का बसतो; तिचा आरसा हलतच नाही आणि शटर भिंगातच असल्याने धक्का नगण्य. त्यानंतर एफ२, कारण त्यात आरसा आधीच वर अडकवून ठेवता येतो. के१००० मध्ये आरसा अडकवायची सोय नाही, सेल्फ टायमरही नाही. तरी दहा-वीस सेकंदांत आरशाचा धक्का फारसा उमटत नाही. तो खरा त्रास देतो साधारण १/१५ ते १ सेकंदाच्या दरम्यान.

तळ्याच्या रस्त्यावरून बस गेली की फुटपाथला हादरा बसतो. तेवढा वेळ भिंगावर पुठ्ठा धरायचा आणि ती सेकंदं मोजायची नाहीत.

रोलधुलाई (नेरुळ)

एक गोष्ट राहिली. मीटरने दाखवलेले वीस सेकंद एचपी५ ला पुरणार नाहीत. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. ही फिल्म बनवणाऱ्या इल्फर्डच्या माहितीपत्रकाप्रमाणे मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा. पाचाचे सुमारे आठ, दहाचे वीस, विसाचे जवळपास पन्नास होतात. म्हणून लॉकचा स्क्रू घट्ट धरतो की हळूहळू सुटतो, ते रोल न घालता घरीच तपासून घ्या.

तळ्याकाठी (नौपाडा, ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. केबल वाकवून पाहिली, पिन खरंच कमी बाहेर येते. पेंटॅक्सवर सरळ सोडून लावली तर शटर प्रत्येक वेळी पडतंय. लॉक मिनिटभर पक्का राहतो. पहिला रोल यशिकात घालते आहे.

एफ२ चा निपल अजून हवाच आहे. कोणाकडे जादा असेल, किंवा ठाणे-नवी मुंबईत कुठे पाहिला असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. योग्य किंमत देईन आणि घ्यायला मीच येईन.