बाबांच्या ओठावरचा चट्टा दीड महिना झाला जात नाहीये, आधी कोणाला दाखवू?

बाबा ६३ वर्षांचे आहेत, सगळी नोकरी उन्हात साइटवर गेली, सिगरेट तीसेक वर्षं ओढली, ४ वर्षांपूर्वी सोडली. खालच्या ओठावर एक खरखरीत चट्टा आलाय. रोज दाढी करताना त्याची खपली निघते, टॉवेलला रक्ताचा बारीक ठिपका लागतो आणि दुसऱ्या दिवशी परत खपली धरलेली असते. आधी वाटलं ओठ फुटलाय, मग एका डॉक्टरांनी मलम दिलं आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले, पण बाबा परत गेलेच नाहीत, त्यांचं एकच, दुखत नाही ना, दुखलं की जाऊ.

काल मोबाइलच्या टॉर्चने तोंडात बघितलं तर गालाला आतून दाढेजवळ पांढरा डाग दिसला, कापसाने पुसला तरी निघाला नाही. तिथली दाढ टोकदार आहे, ती घासून असं होतं का? डेंटिस्ट, ईएनटी की थेट कॅन्सरवाले डॉक्टर? आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो असं एका नातेवाइकांनी त्यांच्या डोक्यात भरवलंय, बायोप्सीचं नाव काढलं तरी चिडतात. मला रात्र रात्र झोप नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
मी डेंटिस्ट आहे. नुसत्या वर्णनावरून कॅन्सर आहे की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही, पण तोंडातली किंवा ओठावरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायचीच, तुमचा तर दीड महिना झालाय. दुखत नाही यावर अजिबात जाऊ नका, सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. ऊन खालच्या ओठावर जास्त पडतं, त्यात इतकी वर्षं सिगरेट, म्हणून मला गालापेक्षा ओठाची काळजी जास्त वाटते. सिगरेट सोडल्यावर धोका कमी होत जातो, पण लगेच जात नाही. दारू घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून धोका खूपच वाढतो.
आधी डेंटिस्ट किंवा ओरल सर्जनकडे जा. दाढ गुळगुळीत करून दोन आठवड्यांनी परत बघतील, घासण्यामुळे आलेला डाग असेल तर तो कमी होतो. मात्र डागात लाल भाग दिसला तर थांबायचं नाही, लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि मानेतल्या गाठीही तपासून घ्या. बायोप्सीत तेवढीच जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, त्याने कॅन्सर पसरत नाही.

खूप आभार. हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, दाढेसाठी यायला तयार झालेत, ओठही तिथेच दाखवते. उद्या सकाळी ११ ची वेळ मिळालीये.