कोरिया 'बघून झाला' म्हणजे नक्की काय झालं?

देजॉनचा दगडू :
परवा 'प्रवासीपक्षी' यांचं कोरियापुराण वाचलं आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पहिलं वर्ष मजेचं, दुसरं सवयीचं, तिसऱ्यापासून सगळं तेच ते. राजवाडे झाले, जेजू बेट झालं, चेरीचा बहर झाला, आता उरला पगार आणि इंटरनेटचा वेग. आणि शेवटी हे रत्न : 'इथल्या रोजच्या जगण्यात परक्या माणसाला रस वाटावा असं काही नाही, आणि ज्यांना वाटतो ते मालिका बघून आलेले असतात.' त्याखाली 'अगदी मनातलं' म्हणणाऱ्यांची ही रांग.

मी मालिका बघत नाही. बायको लावते, मी दहाव्या मिनिटाला घोरतो. तरी मला हा देश अजून जुना झालेला नाही. आमच्या देजॉनमधल्या युसॉंगला तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल त्या दिवशी बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन आज्या बसतात. थंडी सरता सरता त्यांच्याकडे नेंगी नावाची रानभाजी येते, मुळासकट, माती तशीच. मग सुक, तीही रानभाजीच. एप्रिलात दुरुपच्या झाडाचे कोंब, ते जेमतेम थोडे दिवस, आणि भाव असा की आजी ढिगावर हात ठेवूनच बोलते. सुरुवातीला माझ्यासाठी हे सगळं 'हिरवं काहीतरी' होतं. आता दुरुप उशिरा आला तर मी का म्हणून विचारतो आणि ती मला डोंगरातल्या थंडीचं गाऱ्हाणं सांगत बसते. युसॉंगलाच पाय बुडवून बसायला गरम पाण्याच्या झऱ्याचं टाकं केलंय, फुकट. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि म्हाताऱ्यांच्या मधे जागा धरायची. दोन मिनिटांत चौकशी सुरू : वय किती, पगार किती, बायको कुठली, गोमांस का खात नाही. आमच्या गावच्या पारावर याहून वेगळं काय विचारतात?

बघायला आलेला माणूस बघून संपवणारच. त्याचं खापर देशावर कशाला?

प्रवासीपक्षी :
माझ्या नावाने धागा! बारशाला तरी बोलवायचं होतंत.

दगडूशेठ, आपण विद्यापीठात आहात हे लपत नाही. भर दुपारी पाय बुडवून बसायला ज्याला सवड आहे त्याला कोणताही देश रंजकच वाटणार. मी सुवॉनजवळ नोकरी करतो. सकाळी बस, रात्री बस, मधे मीटिंगा. अधूनमधून टीमचं जेवण, तिथे शाकाहारी म्हणून माझ्यापुढे भात, किमची (तिच्यातही खारवलेली कोळंबी) आणि सहानुभूती.

आणि रोजचं जगणं म्हणता ना? माझ्या रहिवासी कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सगळं मोठ्या अक्षरांत. मोबाइल कंपनीने ते मधली जागा गाळून नोंदवलं, बँकेने शेवटची अक्षरं छाटून. आता कुठल्याही ॲपवर ओळख पटवायला गेलं की 'माहिती जुळत नाही'. एक साधी ऑनलाइन खरेदी करायला अर्धा दिवस रजा टाकून शाखेत जाऊन आलेला माणूस आहे मी. यात कुणाला रस वाटत असेल तर माझ्या वाट्याचाही घ्या.

सदानकदा :
नावाच्या प्रकरणाला +१. माझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर आणि आमचं आडनाव चार अक्षरी. इतकंच सांगतो.

हानकाठची मुक्ता :
मी मालिका बघूनच आले. फाशी द्या.

प्रवासीपक्षी, किमचीचं रडगाणं किती वर्षं गाणार? नोव्हेंबरात घरमालकीण बाईंकडे किमजांग असतो, म्हणजे हिवाळ्याची किमची सगळ्यांनी मिळून घालायची. आदल्या रात्री कोबी मिठात, दुसऱ्या दिवशी अंगणात निळं प्लास्टिक अंथरून घरच्या सगळ्या बायका खाली बसतात आणि पानापानात मसाला भरतात. युनेस्कोने २०१३ साली या प्रथेला यादीत घेतलं, पण पाठीचं काय होतं ते यादीत नाही. पहिल्या खेपेला मी हातमोजे न घालता बसले, संध्याकाळपर्यंत बोटांची आग आग. मी कोळंबी खात नाही म्हटल्यावर बाईंनी आधी 'मग तू जगतेस कशी' विचारलं, आणि मग माझा मसाला वेगळ्या पातेल्यात कालवला. आता दर वर्षी डब्याच्या झाकणावर माझं नाव असतं, चुकीचं लिहिलेलं. त्यासाठी घरमालकिणीशी बोलावं लागतं हो. नुसतं भाडं पाठवून होत नाही.

प्रवासीपक्षी :
माझा घरमालक मी कधी पाहिलेलाच नाही. दलालाने करार केला, भाडं बँकेतून जातं. तुम्हाला अंगण मिळालं, मला सतरावा मजला आणि छतातला स्पीकर. सोसायटीचं ऑफिस त्यातून रविवारी सकाळी सूचना देतं. तो बंद करायचं बटणही नाही.

उल्सानची सूनबाई :
तिघांचंही वाचून हसू आलं. एकाला सवड आहे, एकाला पगार आहे, एकीला अंगण आहे. मी एफ-३ व्हिसावर आहे. नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली, नोकरी करायची नाही. पुण्यात मी शाळेत गणित शिकवायचे. इथे दिवसभर काय करायचं, तर म्हणे रस टिकवायचा! सरकारी मोफत कोरियन वर्गाला गेले. वर्ग चांगला, बाई चांगल्या. पहिल्या पातळीला आम्ही खच्चून भरलो होतो, पुढे पुढे गळती. कुणाला मूल झालं, कुणाच्या नवऱ्याची बदली. भाषा येत गेली तसा देश कळत गेला हे खरं. काय कळलं? लिफ्टमधल्या बायका आपल्याबद्दल काय बोलतात ते.

एक गोष्ट मात्र आहे. हिवाळ्यात ताएहवा नदीवर उत्तरेकडून रूक कावळे येतात, हजारोंनी. तिन्हीसांजेला बांबूच्या बनात उतरायच्या आधी विजेच्या तारा काळ्या होतात आणि खालच्या गाड्या पांढऱ्या. शेजारचे आजोबा रोज सकाळी शिव्या घालत गाडी धुतात आणि रोज संध्याकाळी तिथेच लावतात. मी बाल्कनीतून बघते. हा कोरियातला रस असेल तर आहे मला.

बाकी अपमान. लिफ्टमध्ये सीसीटीव्हीतला माझा फोटो चिकटवला होता. चेहरा धूसर केलेला, पण पंजाबी ड्रेस कसा धूसर करणार? गुन्हा : ओल्या कचऱ्याच्या यंत्रात चहाचा चोथा टाकला.

कोथरूडच्या काकू :
मग चोथा टाकायचा कुठे?? ओला नाही तर काय सुका आहे तो? मी मुलाकडे कोरियात पोहांगला राहून आले. रोज सहा कप चहा व्हायचा, सगळा चोथा त्याच यंत्रात. कुणी ब्र काढला नाही.

खतपाणी :
काकू, लिफ्टमधला तुमचा फोटो मुलाने गुपचूप काढला असेल.

नियम ओल्या-सुक्याचा नाहीच. त्या कचऱ्याचं जनावरांचं खाद्य आणि खत होतं, म्हणून जे जनावराला घालता येत नाही ते तिथे नाही. हाडं, शिंपले, अंड्याची टरफलं, कांद्या-लसणाची सालं, आंब्याची कोय, चहाचा चोथा, सगळं पालिकेच्या विकतच्या पिशवीत. काही ठिकाणी गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट, तीही चालत नाही, मीठ फार म्हणून. १९९५ पासून देशभर पिशवीला पैसे, २००५ पासून अन्न थेट जमिनीत पुरायला बंदी, २०१३ पासून त्याचं पाणी समुद्रात सोडणं बंद आणि वजनावर पैसे. कार्ड टेकवा, झाकण उघडतं, ओता, वजन दिसतं, ते महिन्याच्या मेंटेनन्सला लागतं. मी तर उरलेली भाजी पिळून टाकतो. पाण्याच्या वजनाचे पैसे कोण देणार?

सदानकदा :
कांद्याची सालं गाय खाते. आमची खायची.

खतपाणी :
तुमची गाय कोरियन पालिकेत नोकरीला नाही.

कोथरूडच्या काकू :
हे काही मला पटलेलं नाही. आमच्याकडे पुण्यात कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. त्या चोथा ओल्यातच घेतात, हसून घेतात. बाईमाणसाचे फोटो लावत नाहीत.

रांजणगाव टू सोल :
ताई हसून घेतात, पण शहराचा कचरा वर्षानुवर्षं गेला कुठे काकू? उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांना विचारा त्यांना हसू येतं का. मी पुण्याजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन साहेबांचा दुभाषा होतो. आल्या आल्या ते विचारायचे, प्लास्टिक कुठल्या वारी टाकायचं. मी त्यांना चहा पाजून विषय बदलायचो.

कोथरूडच्या काकू :
आलेच देशाला नावं ठेवणारे.

रांजणगाव टू सोल :
देशाला नाही, डेपोला. आणि काकू, मुलाच्या घरी आजी म्हणून राहणं आणि तिथे स्वतःच्या नावावर दंड भरणं यात फरक असतो.

कोथरूडच्या काकू :
माझ्या मुलाच्या घराचं तुम्हाला काय करायचंय? तुमच्या वयाच्या दुप्पट चहा केलाय मी.

देजॉनचा दगडू :
मंडळी, धागा कचऱ्याचा नाही. (तरी सांगतो, पाण्याच्या बाटलीचं लेबल काढून ती वेगळी टाकायची, बाकीच्या प्लास्टिकमध्ये नाही. अपार्टमेंटांना २०२० च्या डिसेंबरपासून सक्ती आहे. आमच्या इमारतीतले निम्मे संशोधक अजून काढत नाहीत.)

प्रवासीपक्षी, बघताय ना? चोथ्यावर सगळे पोटतिडकीने भांडताहेत. रोजच्या जगण्यात रस नाही म्हणे!

उल्सानची सूनबाई :
नाही हो दगडूभाऊ, याला रस म्हणू नका. ही धास्ती आहे. मला ते नियम तोंडपाठ आहेत कारण मला परत लिफ्टमध्ये लागायचं नाही. तुमच्या इमारतीतले संशोधक लेबल काढत नाहीत, त्यांचा फोटो लागला का कधी? आणि बाजारातली आजी तुमच्याशी बोलते कारण तुम्ही गिऱ्हाईक आहात. मला विचाराल तर माणसाला कुठे काही काम असलं, कुणी त्याची वाट बघत असलं, की रस आपसूक येतो. ज्याला इथे कामच करू देत नाहीत त्याला भाजी बघायला पाठवू नका.

देजॉनचा दगडू :
लागलं. पण निम्मंच मान्य. एफ-३ चा नियम वाईट आहे, त्यावर वाद नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून आजी बोलते, हेही खरं. पण गिऱ्हाईक तर प्रवासीपक्षीही आहेत. ते रात्री अकराच्या आत सामान मागवतात आणि सकाळी सातच्या आत पेटी दारात. पेटी आणणारा दिसत नाही, विकणारा दिसत नाही, घरमालक दिसत नाही. इतकं सोयीचं जगायचं आणि वर म्हणायचं की देशात माणसंच नाहीत.

प्रवासीपक्षी :
मी 'माणसं नाहीत' म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. घरपोच मागवतो कारण बाजार भरतो तेव्हा मी ऑफिसात असतो. ४-९ ची तारीख आणि शनिवार-रविवार जुळवायला पंचांग घेऊन बसू का? ई-७ या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाने नोकरी सोडून दुरुपच्या मागे फिरायचं आणि मग परतीचं तिकीट तुमच्या आजीने काढायचं?

मुक्ताताईंच्या डब्याचं मात्र मान्य. हेवा वाटला, लिहून देतो. सूनबाईंचे कावळेही मी पाहिलेले नाहीत, या हिवाळ्यात उल्सानला येईन. पण ते सायबेरियाचे आहेत, तेव्हा त्याचं श्रेय कोरियाच्या रोजच्या जगण्याला देऊ नका.

उल्सानची सूनबाई :
गाडी धुणारे आजोबा इथलेच आहेत. डिसेंबर-जानेवारीत या, छत्री घेऊन.

कोथरूडच्या काकू :
आणि नारळाची करवंटी?

खतपाणी :
पिशवीतच. पण आधी बारीक फोडा, नाहीतर पिशवी फाटते आणि दुसरीचे पैसे पडतात.